खडक रंगवताना: मातकट रंग आणि ठाम फटकारे

निसर्गचित्रात झाड थोडं बिघडलं तरी ते झाडच दिसतं. खडक बिघडला की त्याचा बटाटा होतो. गोलसर बाह्यरेषा, आत करडा रंग, एका कडेला काळं, दुसऱ्या कडेला पांढरं आणि मधलं सगळं घासून गुळगुळीत केलं की खडकाचं वजनच जातं. याचं कारण खडकाच्या घडणीत आहे. खडकाला पैलू असतात. एका पैलूवरचा उजेड शेजारच्या पैलूवर हळूहळू विरत जात नाही, कडेपाशी तो तुटतो. ब्रशचा फटकारा म्हणजे तरी काय? सुरुवात, दिशा, रुंदी आणि शेवट असलेला रंगाचा एक सपाट तुकडा. म्हणून एका पैलूला एक फटकारा, आणि तो मारण्याआधी त्याचा रंग नि दिशा ठरलेली हवी. खडकाच्या चित्रातला जोर इथून येतो. नुसता हात जोरात फिरवून तो येत नाही.

पुढची पद्धत तेलरंगांची आहे आणि कॅनव्हास १६ × २० इंच धरला आहे. ॲक्रिलिक वापरणाऱ्यांनी काय बदलायचं ते शेवटाकडे दिलं आहे.

सामान

रंग सहा पुरे: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, व्हेनेशियन रेड आणि अल्ट्रामरीन ब्लू. काळ्याची ट्यूब बाजूलाच ठेवा. काळा आणि पांढरा मिसळून केलेला करडा निर्जीव दिसतो आणि सगळे खडक एकाच रंगाचे करून टाकतो. खडकाचा करडा निळा आणि तांबूस-तपकिरी यांच्या मिश्रणातून यायला हवा. त्यात कधी एक वरचढ, कधी दुसरा.

ब्रश ताठ केसांचे, हॉग ब्रिसलचे घ्या. ब्रशवरचे क्रमांक कंपनीगणिक बदलतात, म्हणून रुंदी बघा: २५ आणि १५ मिलिमीटरचे फ्लॅट (चपटे, सरळ टोकाचे), १० मिलिमीटरचा एक फिल्बर्ट (चपटा, पण गोलसर टोकाचा) आणि अगदी शेवटच्या बारीक रेघांसाठी लांब केसांचा एक रिगर. मऊ ब्रश जाड रंगाखाली वाकतात आणि त्यांच्या फटकाऱ्यात केसांच्या रेघा उमटत नाहीत. खडकाचा निम्मा खरबरीतपणा तर त्या रेघांमध्येच असतो. शिवाय ४-५ सेंटिमीटर पात्याचा, वाकड्या मानेचा पेंटिंग नाइफ हवा. आणि जुन्या सुती कापडाचे तुकडे, वाटतात त्याच्या दुप्पट.

कॅनव्हास मध्यम विणीचा असावा. त्यावर जेसोचे, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात द्या, पहिला उभा आणि दुसरा आडवा. व्यक्तिचित्रासाठी तो पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करतात, इथे तसं करू नका. पृष्ठभागाला दाणा राहिला तरच पुढे कोरड्या ब्रशचं काम जमतं.

पॅलेट पांढरं नसावं. पांढऱ्यावर प्रत्येक रंग आहे त्यापेक्षा गडद वाटतो, मग आपण तो नकळत फिका करत जातो, आणि कॅनव्हासवर गेल्यावर खडक पिठूळ दिसतात. काचेचं पॅलेट असेल तर खाली तपकिरी किंवा करडा कागद सरकवा.

मातीच्या रंगांचा स्वभाव

ऑकर, सिएना, अंबर आणि तांबड्या मातीचे रंग या सगळ्यांच्या मुळाशी लोहाची संयुगं आहेत. खडकावरून पाणी झिरपून जे पिवळे, तांबूस ओघळ उतरतात तेही लोहाचेच. त्यामुळे हे रंग खडकावर कधी परके वाटत नाहीत. ऑकरमधल्या लोहसंयुगात पाण्याचा अंश असतो. तापवल्यावर तो निघून जातो आणि पिवळा रंग तांबडा होतो. रॉ सिएना भाजला की बर्न्ट सिएना होतो तो असाच. अंबरमध्ये लोहाच्या जोडीला मँगनीजही असतं. त्यामुळे तो काळपट असतो आणि जवसाच्या तेलात इतर रंगांपेक्षा लवकर सुकतो. हे लवकर सुकणं पुढे कामाला येतं.

ब्रश हातात धरणाऱ्याला याहून जास्त उपयोगी गोष्ट म्हणजे कोणता रंग पारदर्शक आणि कोणता झाकणारा. अल्ट्रामरीन पारदर्शक. बर्न्ट सिएना बराचसा पारदर्शक. ऑकर अर्धवट झाकतो. व्हेनेशियन रेड आणि टायटॅनियम व्हाइट पूर्ण झाकतात. म्हणून सावल्या पहिल्या दोघांच्या करायच्या आणि त्यांत पांढरा जवळजवळ घालायचाच नाही. उजेडात ऑकर, पांढरा आणि चिमूटभर तांबडा. सावली पातळ आणि पारदर्शक, उजेड जाड आणि झाकणारा, एवढा एक भेद पाळला तरी चित्राला खोली येते.

व्हेनेशियन रेड जपून वापरा. त्याची रंगवण्याची ताकद इतकी की ढिगाच्या विसाव्या हिश्श्याएवढा घातला तरी सगळा ढीग विटकरी होतो. नाइफच्या टोकावर घेऊन कडेने थोडा थोडा मिसळा. पांढऱ्यात तो गुलाबी होतो. तो गुलाबी उन्हातल्या खडकाला फार सुंदर शोभतो, पण ऑकरची साथ नसेल तर मिठाईसारखा दिसतो.

बर्न्ट सिएना घेताना ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचा. पीबीआर ७ असेल तर साधारणपणे नैसर्गिक माती. पीआर १०१ म्हणजे कृत्रिम लोह ऑक्साइड. तो काही ट्यूबांत पारदर्शक असतो, काहींत झाकणारा, आणि बहुतेकदा जास्त जोरकस. दोन्ही टिकाऊ आहेत. फक्त खालची प्रमाणं दुसऱ्यासाठी थोडी कमी करावी लागतील.

पाच ढीग

कॅनव्हासला हात लावण्याआधी पॅलेटवर पाच मिश्रणं तयार करून ठेवा. रंगवता रंगवता मिसळायला बसलं की हाताची लय तुटते, आणि प्रत्येक फटकारा आधीच्यापेक्षा थोडा वेगळ्या उजेडाचा होतो. काळं म्हणजे १ आणि पांढरं म्हणजे १० अशी मोजपट्टी मनात धरा.

पहिला, सर्वांत गडद: अल्ट्रामरीन १ भाग, बर्न्ट सिएना १ भाग. पट्टीवर १ ते २.
दुसरा, सावलीचा: पहिल्या ढिगातले २ भाग, रॉ अंबर १, पांढरा पाव भाग. सुमारे ३.
तिसरा, मधला उष्ण: यलो ऑकर २, रॉ अंबर १, पांढरा १, व्हेनेशियन रेडचा टिपका. सुमारे ५.
चौथा, मधला थंड: पांढरा २, रॉ अंबर १, अल्ट्रामरीन पाव भाग. ५ ते ६.
पाचवा, उजेडाचा: पांढरा ४, यलो ऑकर १, बर्न्ट सिएना नाइफच्या टोकावर येईल इतका. ८ च्या आसपास.

ट्यूबागणिक रंगांची ताकद बदलते, तेव्हा भाग हे सुरुवातीपुरते धरा आणि शेवटी पट्टीवरचा आकडा साधा. गडद ढीग निळ्याकडे झुकलाय की तपकिरीकडे हे नुसतं बघून कळत नाही. त्यातला कणभर पांढऱ्यात फासून बघा, लगेच उघड होतं.

पहिले दोन ढीग सावलीच्या घरातले, उरलेले तीन उजेडाच्या घरातले. या दोन घरांमध्ये मोकळी जागा राहिलीच पाहिजे. सावलीतला सर्वांत उजळ ठिपका उजेडातल्या सर्वांत गडद ठिपक्यापेक्षाही गडद असायला हवा. खडक सपाट का दिसतो, या प्रश्नाचं उत्तर दहातल्या आठ चित्रांत इथेच सापडतं: आजूबाजूच्या जागांवरून उलटून सावलीत येणाऱ्या परतीच्या उजेडाला चित्रकार भुलतो आणि तो इतका उजळ करतो की सावली फुटते. मोबाइलवर पॅलेटचा फोटो काढून तो कृष्णधवल करून बघा. पाचपैकी तिसरा आणि दुसरा ढीग एकमेकांत मिसळून गेले असतील तर दुसरा आणखी गडद करा.

आता मिसळायचं किती? नाइफने तीन-चार वेळा उलटून पालटून थांबायचं. पूर्ण घोटलेला रंग फटकाऱ्यात सपाट उतरतो. अर्धवट मिसळलेल्या रंगात ऑकरची एखादी शीर, अंबरची एखादी शीर राहते आणि एकाच फटकाऱ्यात खडकातल्या पट्ट्या आपोआप उमटतात. पण यालाही एक अट आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही: अर्धवट मिसळलेले रंग उजेडाच्या पट्टीवर एकमेकांच्या जवळचे हवेत. ऑकर आणि फिका करडा चालतील. पांढऱ्या ढिगात न मिसळलेला अल्ट्रामरीन राहिला तर फटकाऱ्यात निळी चिर पडते आणि जो पैलू एकसंध दिसायला हवा तो दोन तुकडे होतो. रंग वेगळा चालेल, उजेड वेगळा चालणार नाही. हे तिसऱ्या आणि पाचव्या ढिगासाठी. पहिला, गडद ढीग मात्र नीट घोटा.

तळाचा रंग आणि आखणी

कोऱ्या पांढऱ्या कॅनव्हासवर मोकळे फटकारे मारले की मधल्या फटींतून पांढरं चमकत राहतं आणि सगळा तोल जातो. म्हणून बर्न्ट सिएना टर्पेंटाइनमध्ये चहाच्या रंगाइतका पातळ करा, कॅनव्हासभर फासा आणि कापडाने पुसून घ्या. पट्टीवर ६ च्या जवळपास राहिला की झालं. रात्रभर सुकू द्या. वेळ नसेल तर हाच थर ॲक्रिलिकने द्या. ॲक्रिलिकवर तेलरंग चालतो. उलट, तेलरंगावर ॲक्रिलिक कधीच नाही, ते पुढे सुटतं. करड्या फटकाऱ्यांच्या फटींतून हा उबदार तांबूस तळ दिसत राहतो आणि पुष्कळ काम तुमच्याविनाच करतो.

आखणी करण्याआधी वहीत तळहाताएवढी दोन-तीन स्केच करा. फक्त तीन छटा: काळी, करडी, कोरी. डोळे बारीक करून बघितलं की भेगा, शेवाळ, गवत सगळं नाहीसं होतं आणि उरतात ते उजेडाचे नि सावलीचे मोठे आकार. ते पाच-सहापेक्षा जास्त असतील तर विषय अजून सोपा करायचा आहे. खडकांची मापं सारखी नकोत. एक मोठा, त्याला टेकलेले दोन मध्यम आणि बाकी फुटकळ, अशी विषम वाटणी चित्र धरून ठेवते. हात आपसूक सारख्या मापाचे नि सारख्या अंतराचे दगड मांडत जातो, तेव्हा तो मध्येच थांबवून तपासावा लागतो. मोठ्या खडकाची सर्वांत वरची कड कॅनव्हासच्या बरोबर मध्यावर आली तर ती हलवा.

प्रकाश तिरका असताना बसा. सकाळी उशिरापर्यंत नाही आणि दुपारी तर नाहीच. डोक्यावरच्या उन्हात उभे पैलू सगळे सारखेच दिसतात. उघड्यावर रंगवत असाल तर दोन तासांत सावल्या सरकतात. म्हणून सावल्यांचे आकार पहिल्या २० मिनिटांत पक्के करून टाका आणि नंतर त्या बदलल्या तरी बदलू नका.

कॅनव्हासवरची आखणी पातळ रॉ अंबरने, ब्रशने, सरळ रेषांनी. वळणदार कडसुद्धा तीन-चार सरळ तुकड्यांत मोडा. खडक कुठल्या जातीचा आहे त्यावर हे तुकडे ठरतात. थरांचा वालुकाश्म किंवा चुनखडी असेल तर आडव्या, जवळजवळ समांतर रेषा, आणि त्या सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. बसाल्ट थंड होताना आकसून तडकतो, त्यामुळे त्यात उभे खांब दिसू शकतात. ग्रॅनाइट एकमेकांना छेदणाऱ्या चिरांवर झिजतो, त्यामुळे त्याचे कोपरे गोलावतात. पण गोलावलेल्या कोपऱ्यांच्या मध्ये सपाट बाजू असतातच. फटकाऱ्यांची मुख्य दिशा इथेच ठरवा. एकाच कड्यावर थर डावीकडे कललेले आणि फटकारे वाटेल तिकडे, असं झालं की तो कडा न वाटता ढिगारा वाटतो.

आधी सावली, मग उजेड

पहिला ढीग टर्पेंटाइनने थोडा सैल करा आणि २५ मिलिमीटरच्या फ्लॅटने सावलीचे सगळे आकार एकदम भरा. वेगवेगळ्या खडकांच्या सावल्या एकमेकींना जोडल्या गेल्या तर जोडू द्या. पातळच भरा, तळाचा रंग थोडा झिरपला पाहिजे. या टप्प्यावर तेल घालायचं नाही. खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा जास्त तेलाचा, हा नियम मोडला तर लवकर सुकलेला वरचा थर खालच्या ओलसर थरावर ताणला जातो आणि तडे जातात. दुसऱ्या टप्प्यात रंग ट्यूबमधून निघतो तसाच वापरा. अगदी शेवटी हवं असेल तर १ भाग जवसाचं तेल आणि २ भाग टर्पेंटाइन असं माध्यम, तेही थेंबभर. जाड फटकाऱ्यात जास्त तेल घातलं तर रंग ओघळतो आणि सुकताना सुरकुततो.

सावली भरून झाली की चार पावलं मागे जा. एवढ्यावरच खडक ओळखू यायला हवेत. येत नसतील तर उजेड लावून काही सुधारणार नाही, आकार दुरुस्त करा.

आकाश आणि दूरचा भाग याच टप्प्यात लावून घ्या, कारण खडक किती उजळ हे आकाशाशी ताडूनच कळतं. दूरचे कडे पांढरा, अल्ट्रामरीन आणि व्हेनेशियन रेडचा कण यांच्या करड्या-जांभळट मिश्रणाने, पातळ आणि सपाट. अंतराबरोबर पिवळा आधी जातो, तेव्हा तिथे ऑकर नको. दूरच्या कड्यावर ब्रशच्या रेघा दिसल्या तर तो पुढे सरकून येतो. खरबरीतपणा पुढच्या खडकांसाठी राखून ठेवा.

एक खडक जवळून

छातीएवढा एक खडक घ्या, उजेड डावीकडून वरून. त्याच्या तीन बाजू दिसतात: आभाळाकडे तोंड केलेली वरची, डावी उजेडातली आणि उजवी सावलीतली. उजवी आपण भरलेली आहे.

२५ मिलिमीटरचा फ्लॅट पाचव्या ढिगाखाली सरकवून रंग उचला, ब्रशच्या एकाच बाजूवर, भरपूर. दांडा टोकाजवळ धरा. जवळ धरला की मनगट लिहिण्याच्या सवयीने फिरतं. ब्रश कॅनव्हासशी जवळजवळ आडवा ठेवून वरच्या पैलूच्या उतारावरून एकदाच ओढा आणि उचला. सुरुवातीला रंगाचा जाड काठ बसतो, शेवटी तो विरळ होऊन तळ दिसतो. तो जाड काठ उजेडाकडच्या कडेला यायला हवा, म्हणून फटकारा डावीकडून उजवीकडे. ब्रश कापडाला पुसा. पुन्हा भरा. शेजारी दुसरा फटकारा, थोड्या वेगळ्या कोनात, पहिल्याला जेमतेम टेकणारा. वरच्या बाजूला असे तीन पुरे.

डावी बाजू तिसऱ्या ढिगाने, पण आता ब्रश वरून खाली. उभ्या भिंतीला उभा हात, पठाराला आडवा. दोन दिशा जिथे भेटतात तिथे कड आपोआप तयार होते, ती काढावी लागत नाही. चार-पाच फटकारे झाले की एखादा चौथ्या, थंड ढिगाचा मध्ये टाका. उजेड तोच, रंग वेगळा. दगडाची घडण अशाच बदलांतून जिवंत होते. खाली जमिनीकडे येताना तिसऱ्या ढिगात थोडा बर्न्ट सिएना.

सावलीच्या बाजूत दोनच भर. आभाळाकडे किंचित कललेल्या भागांवर दुसऱ्या ढिगात चिमूटभर अल्ट्रामरीन आणि कणभर पांढरा घालून एक थंड फटकारा, कारण तिथे आभाळाचा उजेड पडतो. खाली कपारीच्या छताला बर्न्ट सिएनाची ऊब, कारण तिथे उन्हातल्या जमिनीवरून परतलेला उजेड पोचतो. दोन्ही पट्टीवर ३ च्या वर जाऊ देऊ नका.

सगळे मिळून १५ फटकारे. या खडकावर सोळावा मारावासा वाटेल तेव्हा दुसऱ्या खडकाकडे वळा. ओल्या रंगावर दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की खालचा गडद रंग वर येतो, तिसऱ्यांदा फिरवला की सगळं मिळून एक मळकट तपकिरी उरतो. मातीच्या रंगांवर मळकटपणाचा ठपका येतो तो बहुतेक वेळा या घासण्यामुळे, रंगांमुळे नाही. फटकारा चुकला तर त्यावर रंगवू नका. नाइफच्या पात्याने तो खरवडून काढा, कापडाने टिपा आणि पुन्हा एकदाच मारा. ओल्यावर ओलं लावायचंच असेल तर वरचा रंग खालच्यापेक्षा जाड आणि हात हलका.

कडा, भेगा आणि जमीन

सगळ्या कडा धारदार ठेवल्या तर खडक कात्रीने कापून चिकटवल्यासारखे होतात. प्रत्येक खडकाची एक कड हरवू द्या. सावली शेजारच्या सावलीत मिळते तिथे बोटाने किंवा कोरड्या ब्रशने सीमा पुसून टाका. सर्वांत धारदार कड चित्रात एकच, जिथे नजर थांबायला हवी तिथे.

भेग म्हणजे काळी रेघ नव्हे. ती सुरू होताना रुंद असते, मध्ये बारीक होते, तुटते, पुढे पुन्हा उगवते. नाइफची धार पहिल्या ढिगात बुडवून कॅनव्हासवर टेकवा आणि किंचित सरकवा, रेघ ओढू नका. मग बघा उजेड कुठून येतो. डावीकडून येत असेल तर भेगेचा उजवा ओठ उजळतो, कारण तो उजेडाकडे तोंड करून असतो. तिथे पाचव्या ढिगाचा केसाएवढा तुकडा ठेवला की भेग खोल जाते. हा ओठ योग्य बाजूला पडला नाही तर भेग फुगवट्यासारखी दिसते. एका खडकाला दोन-तीन भेगा खूप झाल्या.

कोरडा ब्रश शेवटी. जुना, केस फिसकटलेला फ्लॅट घ्या, पाचवा ढीग घ्या, कापडावर बहुतेक पुसून टाका आणि उजेडाच्या बाजूवरून अगदी हलका फिरवा. रंग फक्त कॅनव्हासच्या दाण्यांवर बसतो आणि दगडाचा खरबरीतपणा उमटतो. हे सावलीत करायचं नाही, आणि खालचा थर ओला असेल तर तेव्हाही नाही. अंबरच्या जागा बहुधा एक-दोन दिवसांत तयार होतात, ऑकर आणि पांढऱ्याला त्याहून जास्त दिवस लागतात.

नाइफने संपूर्ण कडे रंगवायचीही परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच चित्रकार गुस्ताव कूर्बे चुनखडीचे कडे नाइफने रचत असे आणि त्या रंगाला दगडासारखंच अंग येई. दुसरा फ्रेंच चित्रकार पॉल सेझान १८९५ च्या सुमारापासून दक्षिण फ्रान्समधल्या बिबेमूसच्या जुन्या दगडखाणीत काम करू लागला, तिथे त्याने पैलूंना समांतर फटकाऱ्यांचे गट दिले. दोघांची चित्रं मोठ्या आकारात बघा आणि एका चौरस इंचात किती रंग आहेत ते मोजा. नवशिक्याने मात्र नाइफ सुरुवातीला उजेडाच्या मोजक्या जागांपुरता ठेवावा, कारण त्याचा सपाट तकाकीचा फटकारा सगळीकडे असला की सगळ्याच जागा सारख्या ओरडतात.

खडक जमिनीवर टेकायला हवा. पडछाया खडकाला भिडते तिथे सर्वांत गडद आणि धारदार असते, लांब जाताना फिकी नि मऊ होते. उलट केलं तर खडक तरंगतो. खडकाच्या तळाशी जमिनीचा रंग थोडा वर चढवा, एखादं गवत, थोडी माती. आजूबाजूच्या बारीक दगडांसाठी नवीन रंग करू नका, ढिगांचं उरलंसुरलं तिथे घाला; त्यातूनच सगळं चित्र एका मातीचं होतं. हिरवा लागला तर यलो ऑकर आणि अल्ट्रामरीन, थोडा मळकट निघतो आणि तोच खडकाशेजारी शोभतो. ट्यूबमधला चमकदार हिरवा इथे नको.

काही बिघडलं तर

खडक खडूसारखे दिसत असतील तर उजेडात नुसता पांढरा गेलाय. पांढरा उजळ करतो तसा थंडही करतो. त्याच्याबरोबर प्रत्येक वेळी थोडा ऑकर जायला हवा. चित्र फार तांबडं झालं असेल तर तांबडा काढायला बसू नका, शेजारी चौथ्या ढिगाचे थंड फटकारे वाढवा. तांबडा तेवढाच राहून शांत होतो. सुकल्यावर अंबरच्या गडद जागा निस्तेज, मॅट दिसू लागल्या तर रंग बिघडलेला नाही, तेल खाली शोषलं गेलंय. जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन सारख्या भागांत मिसळून कापडाने अगदी पातळ फिरवा आणि जादा पुसून घ्या. गडदपणा परत येतो.

ॲक्रिलिक असेल तर

ॲक्रिलिक सुकताना थोडं गडद होतं, तेव्हा तिसरा, चौथा नि पाचवा ढीग पट्टीवर अर्ध्या अंकाने उजळ करा. हेवी बॉडी प्रकारचे, म्हणजे घट्ट रंग घ्या, नाहीतर फटकाऱ्याच्या रेघा सपाट होतात. ढीग पॅलेटवर मिनिटांत सुकतात. ओलं पॅलेट वापरा, म्हणजे ओल्या स्पंजवर बेकिंग पेपर. एक सोय मोठी आहे: कोरडा ब्रश १५-२० मिनिटांतच करता येतो. तोटाही तिथेच, ओल्या कडा हरवायला वेळ मिळत नाही. त्या सीमेवर दोन्ही रंगांच्या मधला एक तिसरा रंग करून लहान फटकाऱ्यांनी जोडावी लागते.

सुकवणं आणि आवरणं

पातळ भाग आठवड्यात हाताला लागेनासे होतात, जाड फटकाऱ्यांच्या आत रंग काही महिने मऊ राहतो. वार्निश ६ ते १२ महिन्यांनी, तेही सर्वांत जाड जागी नख टेकवून ती घट्ट झाल्याची खात्री करून. खडकाच्या चित्राला मॅट किंवा सॅटिन वार्निश बरं. चकचकीत थरात ब्रशच्या प्रत्येक उंचवट्यावर दिव्याची तिरीप पकडली जाते आणि फटकारे दिसेनासे होतात.

ब्रश आधी कापडाला पुसा, मग टर्पेंटाइन, मग साबण नि कोमट पाणी; केस सपाट करून आडवे ठेवा. जवसाच्या तेलाची कापडं बोळा करून टोपलीत टाकू नका. तेल सुकताना उष्णता सोडतं आणि बोळ्यात ती कोंडून कापड आपोआप पेट घेऊ शकतं. ती उघड्यावर एकेरी पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. टर्पेंटाइनचं गाळ बसलेलं भांडं मोरीत ओतू नका. वरचं निवळलेलं दुसऱ्या बाटलीत काढलं तर पुढच्या चित्राच्या सावल्यांना तेच चालतं.